सफरचंद, अंजीर आणि काजूचा मसालेदार क्रंबल टार्ट: पारी कोरडी राखण्याची रीत

क्रंबल टार्ट म्हणजे एकावर एक बसवलेले तीन थर: खाली खुसखुशीत पारी, तिच्यात मसाल्यांत शिजलेल्या फळांचे सारण आणि वर सुकामेव्याचा रवाळ चुरा. यांपैकी दोन थर कोरडे आहेत आणि मधला ओला आहे. सफरचंद, गूळ, बटर आणि दालचिनी एकत्र आल्यावर चव सहसा बिघडत नाही. बिघडतो तो पोत, आणि तो बिघडतो ओलीमुळे. म्हणून पुढे जी कृती दिली आहे तिच्यातील जवळजवळ प्रत्येक पायरी ही ओल कुठून येते, ती कुठे अडवायची आणि कुठे जिरवायची, याच प्रश्नाचे उत्तर आहे.

हे मी अनुभवाने शिकले. चार वर्षांपूर्वी गौरी-गणपतीच्या दिवसांत, कोल्हापुरात पावसाची संततधार लागलेली असताना, मी पहिला टार्ट केला. सफरचंदाच्या कच्च्या फोडींना चिरलेला गूळ चोळला, त्या कच्च्या पारीत भरल्या, वर चुरा पसरला आणि भांडे ओव्हनमध्ये ठेवले. वरून रंग सुरेख आला होता. सुरी घातली तेव्हा चुरा कुरकुरला, फळे मऊ लागली, आणि तळाशी मात्र सुरी भिजलेल्या पुठ्ठ्यातून जावी तशी गेली. पारी भाजलीच नव्हती. सफरचंदाला आणि गुळाला सुटलेल्या पाण्यात ती चाळीस मिनिटे उकडली होती. तेव्हापासून मी तिन्ही थर वेगवेगळे सिद्ध करते आणि शेवटी एकत्र आणते. यात वेळ जास्त जातो हे खरे, परंतु पारी आणि सारण आदल्या दिवशी करून ठेवता येत असल्यामुळे प्रत्यक्ष भाजण्याच्या दिवशी फारशी धावपळ होत नाही.

भांडे आणि ओव्हन

या प्रमाणासाठी २३ सेंटीमीटर, म्हणजे ९ इंच व्यासाचे आणि साधारण ३ सेंटीमीटर खोलीचे, तळ सुटा असलेले टार्टचे भांडे लागते. बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. ते नसेल तर तेवढ्याच व्यासाचा केकचा अॅल्युमिनियमचा डबा चालतो. मात्र त्यात बटर पेपरच्या दोन रुंद पट्ट्या अधिक चिन्हासारख्या आडव्या-उभ्या ठेवाव्यात आणि त्यांची टोके बाहेर राहू द्यावीत, म्हणजे तयार टार्ट त्या टोकांना धरून उचलता येतो. काचेचे भांडे मी टाळते, कारण काच हळू तापते आणि तळाला वेळेवर उष्णता मिळत नाही.

घरगुती ओटीजी पुरेसा आहे. त्याच्या बटणावर लिहिलेले तापमान आणि आतले तापमान यांत बऱ्याचदा फरक असतो, म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक एकदा विकत घ्यावा. ओव्हन वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कांड्या चालू ठेवून किमान १५ मिनिटे आधी तापवावा. पंखा लावून भाजणार असाल तर पुढे दिलेल्या तापमानातून १५ ते २० अंश कमी करावेत.

ओव्हन नसलेल्या घरांत कढईत मीठ तापवून केक भाजण्याची पद्धत आहे. टार्टसाठी मी ती सुचवणार नाही. झाकणाखाली वाफ कोंडते, आणि वरच्या चुऱ्याला लागणारी कोरडी उष्णता तिथे मिळतच नाही. तशी वेळ आलीच तर पारी कढईत भाजावी, सारण गॅसवर शिजवावे, चुरा जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर परतून खमंग करावा आणि वाढताना तिन्ही एकत्र करावेत. तो टार्ट म्हणता येणार नाही, पण खायला चांगला लागतो.

साहित्य

पारीसाठी २०० ग्रॅम मैदा, ११० ग्रॅम थंड बटर, ३० ग्रॅम पिठीसाखर, पाव चहाचा चमचा मीठ आणि २ ते ३ मोठे चमचे बर्फाचे पाणी लागते.

सारणासाठी ७०० ग्रॅम सफरचंदे (मध्यम आकाराची चार), ८० ग्रॅम चिरलेला गूळ, ६० ग्रॅम सुके अंजीर, ५० ग्रॅम बेदाणे, २० ग्रॅम बटर, एका लिंबाचा रस आणि १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घ्यावे. मसाल्यांत १ चहाचा चमचा दालचिनीची पूड, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, पाव चमचा सुंठ, पाव चमचा किसलेले जायफळ, दोन लवंगांची पूड आणि चिमूटभर काळी मिरी.

चुऱ्यासाठी ८० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम ओट्स, ६५ ग्रॅम थंड बटर, ५० ग्रॅम गुळाची पावडर, ५० ग्रॅम काजू, ३० ग्रॅम अक्रोड, अर्धा चमचा दालचिनी आणि चिमूटभर मीठ. याशिवाय पारीच्या तळाशी पसरण्यासाठी बेकरीतल्या साध्या टोस्टचा दोन मोठे चमचे बारीक चुरा हाताशी ठेवावा. त्याचे काम पुढे येईल.

बटर बिनमिठाचे घ्यावे. घरात पावाला लावायचे खारे बटरच असेल तर पारीतले आणि चुऱ्यातले मीठ गाळावे. बटरऐवजी तूप वापरता येईल का, असे नेहमी विचारले जाते. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेला बहुतेक भाग पाण्याचा असतो. तूप मात्र जवळजवळ पूर्ण स्निग्धच असते. म्हणून ११० ग्रॅम बटरच्या जागी ९० ग्रॅम थिजलेले तूप पुरते. त्याची पारी नानकटाईसारखी विरघळणारी होते, चवीला उत्तम लागते, पण कापताना तुटते. चुऱ्यासाठी तूप निर्धास्त वापरावे, पारीसाठी बटरच बरे.

मोजमाप वजनकाट्यावर करावे. वाटीने घेतलेला मैदा दाबून भरला की चाळून भरला यावर त्याचे वजन बरेच बदलते, आणि पारीत ३० ग्रॅम मैदा जास्त पडला तरी ती कडक होते.

गूळ, फळे आणि सुकामेवा

टार्टच्या मूळ पाश्चात्त्य कृतींत ब्राउन शुगर असते. कोल्हापुरात राहून ती विकत आणण्याचे काही कारण मला दिसत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती गुळाच्या व्यापाराला बळ देण्यासाठी; आज मार्केट यार्डात गुळाचे सौदे होतात, दसऱ्यानंतर जिल्ह्यातली गुऱ्हाळे पेटतात आणि नवा गूळ बाजारात येतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र टार्टसाठी गूळ निवडताना पिवळ्याधमक रंगाला भुलू नये. रंग उजळावा म्हणून काही ठिकाणी रस उकळताना हायड्रोससारखी रसायने घातली जातात. माझ्या अनुभवात अशा गुळाला गोडी असते, पण काकवीचा तो खोल, किंचित करपल्यासारखा वास नसतो. तांबूस-तपकिरी, कणीदार, जिभेवर ठेवल्यावर खारट न लागणारा गूळ घ्यावा. दालचिनी आणि सुंठ यांच्याबरोबर त्याची जोडी जमते तशी साखरेची जमत नाही.

गुळाची अडचण एकच, आणि ती पुन्हा ओलीचीच आहे. गुळात साखरेपेक्षा जास्त पाणी असते, शिवाय त्यातले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हवेतली आर्द्रता ओढून घेतात. पावसाळ्यात डब्यातला गूळ पाझरतो तो यामुळे. सारणात तो कसाही चालतो, कारण तिथे तो शिजणारच आहे. चुऱ्यात मात्र कोरडा गूळच हवा. बाजारात मिळणारी गुळाची पावडर वापरावी, अथवा गूळ बारीक किसून ताटात पातळ पसरावा आणि पंख्याखाली तासभर ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये मी अर्धा गूळ आणि अर्धी साखर घेते, कारण नुसत्या गुळाचा चुरा त्या हवेत दुसऱ्या दिवसापर्यंत कुरकुरीत राहत नाही.

सफरचंद घट्ट आणि शक्य तितके आंबट घ्यावे. हिमाचल आणि काश्मीरची सफरचंदे ऑगस्टपासून हिवाळ्यापर्यंत मुबलक येतात, आणि कपिलतीर्थ मार्केटमध्ये विक्रेत्याला सांगितले तर तो कडक फळ निवडून देतो. बोटाने दाबल्यावर दबणारे, पिठूळ सफरचंद शिजताना फोडी न राहता त्याचा लगदा होतो. आपल्याकडची लाल सफरचंदे बहुतेक गोडच असतात, म्हणून लिंबाचा रस गाळू नये. गुळाच्या गोडीला धार त्यानेच येते.

बेदाणे शेजारच्या तासगावचे घ्यावेत. काजू चंदगड-आजरा भागातले ताजे मिळतात, आणि चुऱ्यासाठी अख्खा काजू घेऊन तो फोडण्यात अर्थ नाही; तुकडा काजू स्वस्त पडतो आणि चवीत काही उणे नसते. अक्रोड घेताना एक दाणा चावून पाहावा. त्यातले तेल लवकर खवट होते, आणि एक खवट मूठ सगळा टार्ट बिघडवते. उरलेले अक्रोड हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवावेत.

मसाले शक्य तर घरीच कुटावेत. दालचिनीची जी जाड, कडक साल आपल्याकडे सर्रास मिळते ती तिखट आणि उग्र असते. कागदासारख्या पातळ थरांची सिलोनी दालचिनी सौम्य असते. जाड साल वापरत असाल तर वर दिलेले प्रमाण पुरेसे आहे, सिलोनी असेल तर अर्धा चमचा वाढवावा. जायफळ आणि लवंग यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा, कारण भाजताना त्यांचा वास कमी होत नाही, उलट दुसऱ्या दिवशी तो जास्त जाणवतो.

पारी

करंजीच्या पिठात मोहन चोळण्याचा ज्यांना सराव आहे त्यांना पारीचे निम्मे काम आधीच येते. आमच्या सासूबाई रव्या-मैद्यात मोहन घालून ते दोन्ही हातांनी चोळतात आणि मग मूठभर पीठ दाबून मुटका वळतो का ते पाहतात. मुटका वळला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला, म्हणजे मोहन बरोबर पडले. टार्टच्या पारीची कसोटी नेमकी हीच आहे. फरक इतकाच, की करंजीचे मोहन कडकडीत गरम असते आणि इथले बटर थंडगार हवे. थंड बटरचे छोटे तुकडे पिठात तसेच राहतात, भाजताना ते वितळून त्यांच्या जागी पोकळ्या राहतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पारीला पापुद्रे सुटतात.

मैदा, पिठीसाखर आणि मीठ परातीत चाळून घ्यावे. बटरचे एक सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे करून १० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि मग मैद्यात टाकून फक्त बोटांच्या टोकांनी चोळावेत. तळहात लावू नये, कारण तो गरम असतो. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळते, आणि एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरातली दुपार त्याहून गरम असते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकावे आणि मध्येच बटर मऊ पडू लागल्यास परात तशीच दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावी. मिश्रण जाड रव्यासारखे दिसू लागले आणि त्यात मधूनमधून मुगाएवढे बटरचे कण उरले की थांबावे.

आता बर्फाचे पाणी एकेक चमचा शिंपडत जावे आणि पीठ काट्याने हलवावे. मुटका घट्ट वळला की पाणी पुरे झाले. कणकेसारखे मळू नये. मैद्याला पाणी मिळाले आणि तो मळला गेला की त्यात ग्लुटेन तयार होते. पोळीला तेच हवे असते, पण पारीत त्यामुळे चिवटपणा येतो आणि ती भाजताना आक्रसते. गोळा जेमतेम एकत्र करून, चपटा करून, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये किमान एक तास ठेवावा. रात्रभर ठेवला तर उत्तम.

पोळपाट यासाठी लहान पडतो. ओट्यावर बटर पेपर अंथरावा, त्यावर गोळा ठेवावा, वरून दुसरा बटर पेपर घ्यावा आणि मधून कडेकडे लाटत ३० सेंटीमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची पोळी करावी. गोळा फार कडक असेल तर पाच मिनिटे बाहेर ठेवून मगच लाटावा, नाहीतर कडा फाटतात. वरचा कागद काढून पोळी भांड्यावर उलटी करावी, दुसरा कागद सोडवावा आणि ती भांड्याच्या कोपऱ्यात हलक्या हाताने बसवावी. ती ताणून बसवण्याचा मोह आवरावा. ताणलेली पारी भाजताना पूर्ववत होऊ पाहते आणि कडा खाली घसरतात. फाटलेल्या जागी उरलेल्या पिठाचे ठिगळ लावावे, लाटणे भांड्याच्या कडेवरून फिरवून जास्तीची पोळी कापावी, तळाला काट्याने टोचे मारावेत आणि भांडे २० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावे. ठिगळांपुरता पिठाचा छोटा गोळा बाजूला राहू द्यावा.

आता सारणाशिवाय पारी एकदा भाजून घ्यायची आहे, आणि माझ्या पहिल्या टार्टमध्ये हीच पायरी राहिली होती. ओव्हन १९० अंशांवर तापवावा. गार पारीवर चुरगळून मऊ केलेला बटर पेपर पसरावा आणि त्यात काठोकाठ कोरडे हरभरे किंवा जुने तांदूळ भरावेत. सुमारे पाऊण किलो लागतात. या वजनामुळे तळ फुगत नाही आणि कडा उभ्या राहतात. हे धान्य नंतर शिजवून खाता येत नाही, पण वेगळ्या डब्यात भरून ठेवले तर पुढच्या अनेक टार्टना उपयोगी पडते. १८ मिनिटांनी धान्यासकट कागद उचलून काढावा आणि पारी आणखी ७ ते ८ मिनिटे भाजावी. तळ हाताला कोरडा लागला आणि त्यावर बिस्किटाचा फिकट बदामी रंग आला की ती झाली. कुठे चीर दिसली तर बाजूला ठेवलेल्या पिठाने लिंपून दोन मिनिटे पुन्हा आत ठेवावी. ज्या चिरेतून पाणी जाईल अशी एकही चीर राहता कामा नये.

सारण

अंजीर कोमट पाण्यात २० मिनिटे भिजवून, पिळून, देठ काढून चिरावेत. ते पाणी टाकू नये. सफरचंदे सोलून, गाभा काढून, एक ते दीड सेंटीमीटरच्या फोडी कराव्यात आणि लगेच लिंबाचा रस लावावा.

रुंद कढईत बटर वितळवून मसाले त्यात अर्धा मिनिट मंद आचेवर परतावेत. फोडणीत मसाला उमलतो तो याच कारणाने: दालचिनी-वेलदोड्यातले सुगंधी तेल स्निग्धात सुटते, पाण्यात तितके सुटत नाही. वास दरवळला की सफरचंद, बेदाणे, अंजीर आणि अंजिराचे दोन-तीन चमचे पाणी घालून मध्यम आचेवर झाकण न ठेवता शिजवावे. झाकण ठेवल्यास वाफेचे पाणी पुन्हा आतच पडते. पाचेक मिनिटांनी फोडींच्या कडा पारदर्शक दिसू लागल्या की गूळ घालावा. गूळ आधी घातला तर तो फोडींतले पाणी लवकर ओढून काढतो, फोडी आतून घट्ट राहतात आणि कढईत रसच रस होतो.

गूळ विरघळून रस सुटला, की कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून घालावे आणि सतत हलवत रस चांगला रटरटू द्यावा. कॉर्नफ्लोअरचा दाटपणा नुसत्या गरम होण्याने येत नाही. रस उकळीला आल्यावर त्यातला स्टार्च फुगतो आणि पांढरट दिसणारा रस तकतकीत, पारदर्शक होतो. उलथने कढईच्या तळावरून ओढले असता मागे वाट उमटली आणि ती दोन-तीन सेकंद तशीच राहिली, की गॅस बंद करावा. फोडी तेव्हा दाताखाली किंचित लागल्या पाहिजेत, कारण त्या ओव्हनमध्ये पुन्हा शिजणार आहेत.

सारण ताटात पसरून पूर्ण गार करावे. गरम सारण पारीत घातले तर त्याच्या वाफेने पारी भिजते आणि चुऱ्यातले बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळते. हे सारण फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते.

चुरा

चुऱ्याला जर्मन भाषेत स्ट्रॉयझल म्हणतात, आणि तो शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ शिंपडणे किंवा विखुरणे असा आहे. चुरा वरून सैलसर विखुरायचा असतो, थापायचा नसतो, हे त्या नावातच आले.

काजू आणि अक्रोड सुरीने जाडसर चिरावेत. मिक्सरमध्ये फिरवल्यास तेल सुटते आणि चुऱ्याचा लगदा होतो. सुकामेवा आधी भाजू नये. वर उघड्यावर तो अर्ध्या तासाहून जास्त वेळ भाजला जाणार आहे. मैदा, ओट्स, गुळाची पावडर, दालचिनी आणि मीठ एकत्र करून गाठी फोडाव्यात, त्यात थंड बटर चोळावे आणि मुटका वळू लागला की सुकामेवा मिसळावा. पारीपेक्षा इथे थोडे जास्त चोळायचे, इतके की काही भाग एकत्र येऊन ढेकळे होतील. काही ढेकळे शेंगदाण्याएवढी, काही हरभऱ्याएवढी आणि बाकीचे रव्यासारखे असे ओबडधोबड मिश्रण चांगले. मोठी ढेकळे बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ राहतात, बारीक भाग सारणाच्या वरच्या थरातला रस टिपतो. हा चुरा २० मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावा.

एकत्र आणणे आणि भाजणे

ओव्हन १८० अंशांवर तापवताना आत एक रिकामा ट्रे खालच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे टार्टच्या तळाला पहिल्या मिनिटापासून उष्णता मिळते. गार पारीच्या तळावर टोस्टचा चुरा पातळ पसरावा. सारणातून जो थोडाफार रस झिरपेल तो हा चुरा पिऊन घेतो, आणि खाताना तो वेगळा जाणवतही नाही. त्यावर सारण पसरावे, ते कडेच्या अर्धा सेंटीमीटर खालीच राहील असे पाहावे, आणि वर चुरा सर्वत्र विखरावा. कडेला मधूनमधून सारण उघडे राहिले तर राहू द्यावे; वाफ तिथून बाहेर पडते.

टार्ट तापलेल्या ट्रेवर ठेवून ३५ ते ४० मिनिटे भाजावा. साखरेच्या चुऱ्यापेक्षा गुळाचा चुरा लवकर रंग घेतो, म्हणून २५ मिनिटांनी काचेतून पाहावे आणि रंग गडद होऊ लागला असेल तर वर अॅल्युमिनियम फॉइल सैल ठेवावी. टार्ट झाला हे नुसत्या रंगावरून ठरवू नये. कडेच्या फटींतून सारणाचे घट्ट, संथ बुडबुडे येताना दिसले पाहिजेत. पातळ बुडबुडे भराभर येत असतील तर आतले पाणी अजून उडायचे आहे, आणखी पाच मिनिटे द्यावीत.

भाजणे चालू असताना लाईट गेली तर दार उघडू नये. ओव्हन बंद असताना बराच वेळ गरम राहतो. दहा-पंधरा मिनिटांत वीज परत आली तर उरलेल्या वेळेत पाच-सात मिनिटांची भर घालून काम भागते. माझ्याकडे दोनदा असे झाले आणि दोन्ही वेळा टार्ट निभावला. सारणाशिवाय पारी भाजत असताना वीज जाणे मात्र जास्त नुकसान करते, कारण त्या वेळी बटर वितळून कडा खचू शकतात; तेव्हा वजन आतच राहू द्यावे.

गार होऊ देणे

ओव्हनमधून काढल्यावर भांडे जाळीवर ठेवावे, ओट्यावर सपाट ठेवू नये. कडप्प्याच्या गार ओट्यावर गरम भांडे ठेवले की तळाशी वाफ धरते आणि इतका वेळ जपलेली पारी शेवटच्या क्षणी ओली होते. कापण्याआधी किमान दोन तास थांबावे. घरात वास दरवळत असताना हे अवघड जाते हे मला ठाऊक आहे, परंतु कॉर्नफ्लोअर आणि सफरचंदातले पेक्टिन गार होतानाच घट्ट बसतात, आणि गरम टार्ट कापल्यास सारण ताटभर वाहते.

टार्ट कोमट झाला की भांडे उपड्या वाटीवर ठेवावे. कडा आपोआप खाली उतरते आणि टार्ट तळाच्या चकतीसह वाटीवर राहतो. कापायला दातेरी सुरी घ्यावी, चुरा करवतीसारखा हलके कापावा आणि पारीपाशी आल्यावर एकदाच दाब द्यावा. या आकाराचे आठ ते दहा तुकडे होतात.

सोबत काही हवेच असेल तर गोड काही नको. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून आणलेले म्हशीचे दूध तापवून, रात्रभर थंड ठेवून जी जाड साय धरते, ती साखर न घालता चमचाभर बाजूला वाढावी. गुळाच्या आणि सुंठेच्या उष्ण चवीला ती शांत करते.

फळे बदलायची असल्यास

नाशपाती सफरचंदाच्या जागी त्याच प्रमाणात चालते. कडक पेरूही, बियांचा गाभा काढून टाकला तर, फार चांगला लागतो. त्याला लिंबाचा रस थोडा जास्त आणि वेलदोडा थोडा कमी घालावा. अननस वापरायचा तर त्याच्या फोडी आधी एकट्याच आटवून पाणी निम्म्यावर आणावे आणि कॉर्नफ्लोअर दीडपट घ्यावे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात कितीही मोहक दिसली तरी तिला सुटणारे पाणी या रीतीत आवरत नाही. ती अर्ध्याहून जास्त घेऊ नये. चिकूला आंबटपणा नसतो आणि तो शिजून चिकट होतो, म्हणून मी तो एकदा करून पाहून सोडून दिला.

ठेवणे आणि पुन्हा गरम करणे

कोरड्या हवेत टार्ट एक दिवस बाहेर, जाळीच्या झाकणाखाली चांगला राहतो. हवाबंद डब्यात तो बाहेर ठेवू नये, चुरा सादळतो. पावसाळ्यात मात्र बाहेरच्या हवेतही तो सादळतोच, म्हणून त्या दिवसांत गार होताच फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. वाढण्याआधी १६० अंशांवर १० ते १२ मिनिटे गरम केल्यास पारी आणि चुरा दोन्ही पुन्हा खुसखुशीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये सारण गरम होते, पण पारी मऊ पडते, आणि एकदा मऊ पडलेली पारी पुन्हा ओव्हनमध्ये घातली तरी पहिल्यासारखी होत नाही.

भाजलेली रिकामी पारी घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस बाहेर टिकते. कच्चा चुरा फ्रीझरमध्ये महिनाभर राहतो आणि तो गोठलेलाच, न वितळवता, थेट सारणावर पसरता येतो. अशा वेळी भाजण्याची वेळ पाच मिनिटांनी वाढवावी. पारीच्या कापलेल्या कडांचे पीठ उरलेच, तर त्यावर किंचित दालचिनी आणि साखर भुरभुरून शंकरपाळ्यांसारखे चौकोन कापावेत आणि टार्ट बाहेर निघाल्यावर त्याच तापलेल्या ओव्हनमध्ये १२ मिनिटे भाजून घ्यावेत.